यथाशक्ती

तुळशीचे लग्न आटोपले की आमच्या कणकुंबीत घरोघर एकच विषय निघतो. पाऊस सरलेला असतो, भाताची कापणी होत आलेली असते आणि गेल्या चार महिन्यांत ज्या ज्या भिंतीतून ओल आली, ज्या ज्या खोलीत माणसे दाटीवाटीने निजली, त्या साऱ्यांची आठवण अजून ताजी असते. मग कोणी म्हणतो, परसाच्या बाजूस एक खोली काढू. कोणी म्हणतो, माडी चढवू. कोणाच्या घरी पुढील वैशाखात लग्न ठरलेले असते. यजमान माऊलीपुढे नारळ ठेवतो, भटजींना मुहूर्त विचारतो आणि दुसऱ्याच दिवशी मेस्त्रींच्या हाती इसार देतो. मुहूर्त आणि इसार या दोहोंच्या मध्ये जी एक गोष्ट असावयास हवी, ती बहुधा नसते. ती म्हणजे कागदावर मांडलेले खर्चाचे अंदाजपत्रक.

हा विषय निव्वळ व्यवहाराचा, त्यास देवस्थानच्या पत्रिकेत जागा कशाला, असे काही सभासद बंधुभगिनींस वाटेल. आम्हांसही एके काळी तसेच वाटत असे. परंतु ज्या कर्माचा आरंभ आपण भूमिपूजनाने करतो आणि शेवट वास्तुशांतीने करतो, त्या कर्माच्या मधल्या भागात धर्माचा काही संबंधच येत नाही, असे मानणे चमत्कारिक नव्हे काय?

कोणत्याही पूजेच्या आरंभी आपण संकल्प सोडतो. त्यात देश सांगतो, काल सांगतो, गोत्र आणि नाव सांगतो, करावयाचे कर्म सांगतो. आणि त्याच ओघात एक लहानसा शब्द उच्चारतो, ‘यथाशक्ती’. आपण तो इतक्या वेळा ऐकलेला आहे की, तो एखाद्या सवलतीसारखा वाटतो. जणू काही देवाला आधीच सांगून ठेवतो की, कमीजास्त झाले तर सांभाळून घे. वस्तुतः तो शब्द सवलतीचा नसून जबाबदारीचा आहे. शक्तीप्रमाणे करीन, असे जो म्हणतो, त्याने आपली शक्ती किती, हे तो शब्द उच्चारण्यापूर्वी तपासून पाहिले आहे, असे त्यात गृहीत आहे. न मोजलेल्या शक्तीच्या जोरावर केलेला संकल्प हा अर्धा संकल्पच होय.

हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. २०११ साली आम्ही आमच्या घरास मागील बाजूने एक खोली आणि स्वयंपाकघर जोडले, त्या वेळी शिकलो, आणि ते शिक्षण स्वस्तात झाले नाही. घर बांधलेले लोक खरा आकडा सहसा कोणाला सांगत नाहीत. म्हणून आम्ही आमचा सांगतो.

अंदाज केला होता एक लाख ऐंशी हजारांचा. ‘केला होता’ हा शब्दही मोठाच म्हणावा लागेल. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर चिरे, सिमेंट, वाळू, कौले आणि मजुरी अशा पाच ओळी लिहून त्यांची बेरीज मारली, एवढेच. प्रत्यक्षात खर्च झाला तीन लाख वीस हजार. एक लाख चाळीस हजारांची ही तफावत कोठून आली, ते पाहण्यासारखे आहे. पायात बेचाळीस हजार अधिक गेले. मलप्रभेच्या उगमाच्या गावात पाया खणताना पाणी लागले, यात नवल ते काय. परंतु आम्हांला त्याचे नवल वाटले. खानापुराहून आणि बेळगावाहून माल वर आणण्याचे ट्रकभाडे पत्रिकेच्या पाठीवर लिहिलेलेच नव्हते. ते अठरा हजार. छपराच्या लाकडात एकतीस हजारांची चूक. दारे, खिडक्यांची तावदाने, विजेची जोडणी, रंग या गोष्टी घराला लागतात याचाच विसर पडला होता. ते चोवीस हजार. कौले चढण्यापूर्वी वळवाने गाठले आणि पाठोपाठ मृग लागले. ताडपत्री आणि भिजून खचलेली एक भिंत पुन्हा बांधणे यात सोळा हजार. वास्तुशांतीचे नऊ हजार, तेही धरले नव्हते. ज्या विधीसाठी सर्व पाहुण्यांना बोलवावयाचे हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते, त्याचा खर्च मात्र एकाच्याही ध्यानात नव्हता!

मेस्त्रींनी आरंभीच म्हटले होते, “मालक, आधी एक खड्डा मारून बघूया. खाली काय आहे कळू दे, मग बोलू.” आम्ही ते मनावर घेतले नाही. खरे कारण एक दिवसाच्या मजुरीचे नव्हते. खड्डा घेऊन काही वाईट निघाले तर बेत मोडावा लागेल, ही भीती होती. आणि बेत मोडावा, अशी आमची इच्छा नव्हती.

आता ते एक लाख चाळीस हजार आले कोठून? पन्नास हजार पतसंस्थेचे कर्ज. पंचवीस हजार गोव्यात नोकरीस असलेल्या धाकट्या भावाकडून. ते त्याने मुलाच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवले होते, हे पुढे कळले. पस्तीस हजार आईच्या पाटल्या गहाण ठेवून. आईने त्या मागितल्यावर दिल्या, असेही नाही. एके सकाळी पाटल्या फडक्यात बांधून तिने देवघरापाशी आणून ठेवल्या आणि म्हणाली, “घर का अर्धं ठेवायचं?” त्या सुटण्यास तीन वर्षे लागली. मधल्या काळात नात्यातील दोन लग्नांना ती काचेच्या बांगड्या भरून गेली. तिने त्याचा एका शब्दाने उल्लेख केला नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट आमच्या मनातून गेली नाही.

उरलेले तीस हजार ही खरी सांगण्याची गोष्ट आहे. ते आम्ही कोणाकडूनच घेतले नाहीत, असे आम्हांस त्या वेळी वाटत होते. मेस्त्री आणि सुतार यांची ती मजुरी होती. ज्येष्ठापासून दिवाळीपर्यंत ती राहिली. मेस्त्री शनिवारी येत, ओसरीच्या कडेला बसत, पाऊसपाण्याचे बोलत, चहा घेत आणि पैशाचे नाव न काढता उठून जात. भर पावसाळ्यात आमच्या भागात बांधकामे बंद असतात आणि मेस्त्रींच्या घरी त्या महिन्यांत दुसरी मिळकत नव्हती, हे आम्हांस ठाऊक होते. पतसंस्थेने आमच्याकडून व्याज घेतले, दोन जामीन घेतले, चार सह्या घेतल्या. गावातील सर्वांत गरीब माणसाकडून आम्ही पाच महिने बिनव्याजी कर्ज घेतले आणि त्याला विचारलेही नाही.

येथे प्रश्न केवळ शहाणपणाचा राहत नाही. आपण घराच्या खर्चात चुकलो तर त्याची झळ आपणांस लागते, तेव्हा चूक करण्याचा अधिकारही आपलाच, असा एक युक्तिवाद केला जातो. आमचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. अंदाज चुकतो यजमानाचा, आणि तूट भरून काढतात ती माणसे जी अंदाज करताना तेथे बसलेलीच नव्हती. म्हातारी आई, परगावचा भाऊ, शाळेत जाणारे पोर, मजुरीवर पोट असलेला कारागीर. त्यांच्यापैकी कोणीही ‘बांधा’ म्हटलेले नसते. परंतु वेळ आली की ‘नाही’ म्हणण्याचे बळ त्यांच्यापैकी कोणात नसते. म्हणून अंदाजपत्रक हा आमच्या मते सत्याचा विषय आहे, आणि ते सत्य स्वतःपेक्षा या माणसांना अधिक देणे असते.

यावर कोणी म्हणेल, चूक आणि असत्य यांत अंतर आहे. माणूस मुद्दाम थोडाच खोटा आकडा मांडतो? मुद्दाम मांडणारेही असतात. काम हाती यावे म्हणून कमी दर सांगणारा कंत्राटदार आपण सर्व जाणतो. पण घरात संमती मिळावी म्हणून बायकोला आणि भावांना कमी आकडा सांगणारा यजमान यांस आपण त्या पंक्तीत बसवीत नाही, तो का, हे आम्हांस उमगलेले नाही. या दोहोंखेरीज तिसरा प्रकार सर्वांत मोठा आहे. तो म्हणजे स्वतःच स्वतःला कमी सांगणाऱ्यांचा. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते. माणूस आपल्या कामाचा अंदाज करताना सर्व काही मनासारखे घडेल, असे धरून चालतो. तसलीच कामे केलेल्या इतरांचे काय झाले, याची चौकशी करीत नाही. कानमन यांनी आपल्या ग्रंथात अमेरिकेतील २००२ सालची एक पाहणी दिली आहे. तेथील ज्या कुटुंबांनी आपली स्वयंपाकघरे नव्याने करून घेतली, त्यांनी सरासरीने १८,६५८ डॉलर खर्च येईल असे धरले होते. प्रत्यक्षात आला ३८,७६९ डॉलर. म्हणजे दुपटीहून अधिक. तेथे कणकुंबीसारखा पाऊस नाही आणि पायात नदीचा झराही नाही. तरी पत्रिकेच्या पाठीवर बेरीज मारणारा माणूस तेथेही तोच दिसतो.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे आणि ती श्रद्धेच्या वेषात येते. शुभकार्याच्या आरंभी अशुभ बोलू नये, हा आपला संस्कार. पाणी लागले तर, भिंत खचली तर, पाऊस आधी आला तर, असे कोणी म्हणू लागला की घरातील वडीलधारी त्याला गप्प करतात. आम्हीही मेस्त्रींना तसेच गप्प केले होते. पण विचार करून पाहा, वास्तुशांती हा विधी तरी काय आहे? माती खणताना जीव मारले गेले, झाडे तोडली गेली, दगड फोडले गेले, त्या सर्वांचे दोष कबूल करून त्यांची शांती करणे, असाच त्याचा अर्थ सांगतात ना? म्हणजे ज्या विधीला आपण सर्वांत मंगल मानतो, तोच मुळी झालेल्या आणि होऊ शकणाऱ्या अनिष्टाचा नावानिशी उच्चार करतो. मग कागदावर ‘पायात पाणी लागल्यास इतके’ अशी एक ओळ लिहिल्याने घराचे अमंगल व्हावे, हे आम्हांस पटत नाही.

अर्धे राहिलेले काम कसे दिसते हे पाहण्यास फार लांब जावे लागत नाही. विजापुरात गोलघुमटापासून थोड्याच अंतरावर बारा कमान म्हणून वास्तू आहे. दुसऱ्या अली आदिलशाहाने आपल्या कबरीसाठी ती आरंभिली. १६७२ साली तो वारला, आणि उघड्या कमानी तशाच आभाळाकडे तोंड करून राहिल्या. ती बादशाही गोष्ट. आपल्या गावाशेजारी तर कळसा नाल्याच्या कालव्याचे खोदकाम आपण रोज पाहतो. २००६ साली त्याची कोनशिला येथेच बसली. २०१० साली म्हादईच्या पाण्याचा लवाद नेमला गेला. त्याचा निवाडा २०१८ साली आला. कर्नाटक आणि गोवा यांच्यामधील त्या वादात कोणाची बाजू खरी, हे सांगण्याचे हे स्थान नव्हे आणि तो आमचा अधिकारही नव्हे. आम्ही एवढेच पाहिले की, माती आधी खणली गेली आणि ज्यांचा त्या पाण्याशी संबंध होता त्या सर्वांशी हिशेब पुढे करावा लागला. राज्यांचे असे होते, तेथे तुमच्याआमच्या परसातील खोलीचे काय!

परंतु आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी या विषयावर बोलताना जो आक्षेप घेतला तो हलका नव्हे. ते म्हणाले, “तुमच्या आजोबांनी कुठं अंदाजपत्रक केलं होतं? देवावर भरवसा ठेवून त्यांनी घर बांधलं आणि तुम्ही अजून त्यात राहता. एवढी मोजदाद करीत बसले असते, तर तुम्ही झोपडीतच असता.” यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. आजोबांच्या घराच्या गोष्टी आईकडून ऐकलेल्या होत्या. वळचणीखाली चार वर्षे लाकूड सुकत पडले होते. चिरे दर उन्हाळ्यात थोडे थोडे आणून कुंपणाशी रचले जात. कौले पूर्ण जमली तेव्हा पाया खणला. मग आमच्या ध्यानात आले की, आजोबांनी अंदाजपत्रक केले होते. फक्त ते कागदावर नव्हते. ते वळचणीखाली रचलेले होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होते. त्यात किती उणे आहे, हे घरातील पोरालाही कळे. उधारीवर ट्रक येऊन माल दारात ओतण्याची सोय झाली आणि ती दृश्य मोजदाद संपली. कागद हा त्या लाकडाच्या राशीची जागा घेतो, एवढेच.

दुसऱ्याचे आपल्या बांधकामात किती जाते, याची जाण आपल्या परंपरेत नवी नाही. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी बजावले आहे की, आंबे, फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांस हात लावू देऊ नये; कारण ती वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मग ते तोडावे. राज्याच्या आरमारापुढे एका रयतेचा फणस तो काय. पण तोडण्यापूर्वी त्याची किंमत आणि त्याच्या धन्याची राजी, दोन्ही मांडावयाची. आम्ही आईच्या पाटल्यांच्या बाबतीत याहून कमी केले.

कर्जाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण आता पतसंस्थांबरोबर बँकाही घर वाढविण्यास सुलभपणे कर्ज देतात आणि ‘हप्ता परवडतो’ एवढ्यावर पुष्कळ घरांचा निर्णय होतो. पाच लाख रुपये शेकडा नऊ दराने दहा वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,३३४ रुपये पडतो. आकडा लहान दिसतो. दहा वर्षांची बेरीज मात्र सात लाख साठ हजार होते. दोन लाख साठ हजार केवळ व्याज. घरातील मुलगी आज सहावीत असेल, तर तिचे महाविद्यालयीन शिक्षण संपेपर्यंत तो हप्ता चालू राहील. हे वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ऋण हे आपल्या धर्मात निंद्य नाही, आपण जन्मतोच मुळी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन. पण त्या मुलीला हे सांगून ठेवले आहे काय?

तेव्हा इसार देण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकदा एकत्र बसावे, असे आम्ही सुचवितो. आणि सर्वांनी म्हणजे आई, सून आणि कळत्या वयाची मुले यांनीही. परीक्षेचा खड्डा त्याआधी घेतलेला असावा. मेस्त्रींकडून चौरस फुटाचा दर आणि कामाची यादी लिहून घ्यावी. वाळू, खडी ब्रासच्या भावाने नव्हे, तर दारात पडेपर्यंतच्या भावाने धरावी. पंचायतीची परवानगी आणि उतारे हाती येईपर्यंत एक चिराही मागवू नये. आपले गाव रानाला लागून आहे आणि कागदाला वेळ लागतो. तारखा मृग नक्षत्रापासून मागे मोजीत याव्यात, मुहूर्तापासून पुढे नव्हे. या सर्वांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, एकंदर बेरजेचा निदान चौथा हिस्सा वेगळा काढून पोस्टात किंवा बँकेत ठेवावा आणि छप्पर चढेपर्यंत त्यास हात लावू नये. कामगारांची शेवटच्या महिन्याची मजुरी त्याच्याही आधी बाजूला ठेवावी. एवढे करून बेरीज आवाक्याबाहेर गेली, तर जोत्यापर्यंतच काम करावे किंवा यंदा करूच नये. लोक हसतील हे खरे. आपल्याकडे न बांधणाऱ्याला हसतात आणि बुडणाऱ्याकडे जेवून येतात.

आणखी एक विनंती, आणि ती घर बांधून झालेल्या सभासदांस आहे. कोणी आपणांस ‘किती लागले?’ असे विचारले, तर खरे सांगावे. आपण कमी सांगतो तेव्हा स्वतःचा शहाणपणा मिरवितो, आणि जास्त सांगतो तेव्हा श्रीमंती. दोन्ही वेळा विचारणाऱ्याच्या पायात पाणी सोडतो. आम्ही वर मांडलेले आकडे जुने आहेत, त्यांचा आज भावासाठी काही उपयोग नाही. पण धरलेले आणि लागलेले यांतील अंतर कोणत्या खात्यांत पडते, ते फारसे बदललेले नसावे.

यंदा आमच्या घरी पुन्हा तोच विषय निघाला आहे. आईचे गुडघे दुखतात. तिला पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून उत्तरेच्या बाजूस एक लहान खोली आणि न्हाणी असावी, असा बेत आहे. जुन्या मेस्त्रींचे चिरंजीव आता काम पाहतात. त्यांनी मागच्या पंधरवड्यात एक खड्डा मारला; साडेचार फुटांवर कठीण जांभा लागला, पाणी नाही. त्या संध्याकाळी आम्ही सर्व ओसरीवर बसलो. कागदावर सतरा ओळी झाल्या. आईने दोन सांगितल्या, त्यांतील एक शेजाऱ्यांच्या भिंतीवर आपल्या पागोळ्या पडू नयेत म्हणून लावावयाच्या पन्हळीची होती. ती आमच्या डोक्यात आली नसती. चौथा हिस्सा धरून बेरीज केली, तेव्हा हाताशी असलेल्या रकमेपेक्षा ती बरीच अधिक निघाली. आई म्हणाली, “पुढच्या वर्षी बघू.” तिचे वय पाहता पुढचे वर्ष हे सोपे उत्तर नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि आम्हांलाही. म्हणून खोली सोडून आधी केवळ न्हाणी तिच्या पातळीवर आणता येते काय, याचा वेगळा कागद मेस्त्रींकडे मागितला आहे. खड्डा मात्र दुसऱ्याच दिवशी बुजवून टाकला. शेजारचे वासरू अजून लहान आहे आणि ते दावे तोडून त्याच बाजूला येते.